पाठींची वही

ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तेव्हा माझा एकूण समज असा होता की या जगात चुकतात त्या मुली आणि दुरुस्त करते ती मी. वय पंचविशीच्या आतलं, हस्ताक्षर सुरेख, आणि पिशवीत कायम लाल शाईची दौत. वह्या तपासताना मी कुणाची गय केली नाही. मागच्या बाकांवरच्या मुलींनी मला काय नाव ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला थोडा अभिमानच वाटे.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही मायलेकी डोंबिवलीला राहत होतो. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशनच्या आसपास वाढलेल्या चार आळ्या, त्यांच्यापलीकडे भातशेती, घरात कंदील आणि पाणी विहिरीचं. त्या विहिरीवरच आई पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी तिला बाजेसकट उचललं, गार्डाच्या हातापाया पडून त्याच्या डब्यात घातलं आणि ठाण्याला आणलं. तिथल्या एका जुन्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात, तिला खाट मिळाली. पायाला वजन बांधून तीन महिने पडून राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"तीन महिने?" आई म्हणाली. "मग सरळ विहिरीतच पडले असते तर काय वाईट होतं!"

शाळा सुटली की मी मासुंदा तलावाच्या काठाने चालत हॉस्पिटलात जायची आणि आईच्या खाटेशी स्टुलावर बसून वह्या तपासायची. स्पिरिटचा आणि उकळलेल्या कपड्यांचा तो वास सुरुवातीला डोक्यात जाई. पुढे पुढे मला तो आवडायला लागला. अजूनही कुठे स्पिरिटची बाटली उघडली की मला दुपारची तिरपी उन्हं आणि लोखंडी खाटांच्या दोन रांगा दिसतात.

वॉर्डच्या सिस्टर चाळिशीच्या होत्या. लहान चणीच्या, कमी बोलणाऱ्या. लवकर विधवा झाल्यावर घरच्यांचा विरोध सोसून नर्सिंगला आलेल्या. ज्या बायकांना स्वतःहून हलता येत नाही, त्यांच्याकडे दर दोन तासांनी त्यांची फेरी असे. कूस बदलायची, पाठ स्पिरिटने पुसायची, पावडर लावायची. आईला कुशीवर वळवता येत नसे, म्हणून त्या आणि वॉर्डातली आया मिळून तिला अलगद उचलत आणि पाठीखालून हात फिरवून बघत. "जन्मात कुणी माझ्या पाठीची इतकी चौकशी केली नव्हती," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

एके दिवशी मी वह्यांवर लाल रेघा ओढत असताना सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही मोठ्या माणसांचं लिखाणही तपासता का?"

मी म्हटलं, "आणा की!" माझ्या आवाजात तोरा होताच.

त्यांनी चादरींच्या कपाटातून, अगदी खालच्या घडीखालून, एक लांबट वही काढली. प्रत्येक पानावर पेन्सिलीने एका पाठीची आकृती काढलेली: खांदे, माकडहाड, कुल्ले, खाली दोन टाचा. त्यावर ठिकठिकाणी तांबड्या पेन्सिलीच्या खुणा आणि शेजारी बारीक अक्षरात दिवस, वेळ, अंथरूण ओलं होतं की कोरडं, पेशंट जेवली की नाही. एका पानावर एक बाई. चार वर्षांच्या पाठी त्या वहीत होत्या. पहिल्या पानावर मात्र त्यांनी तळहात ठेवला आणि दुसऱ्या पानापासून मला दाखवायला सुरुवात केली.

"जखम झाली की सगळ्यांनाच दिसते," त्या म्हणाल्या. "जखम व्हायच्या आधी पाठ काय सांगते, ते मला लिहायचं आहे. परिचारिकांचं एक त्रैमासिक निघतं. त्यात नेहमी डॉक्टरच लिहितात. पण डॉक्टर पाठ बघतात दिवसातून एकदा, तीही आम्ही दाखवली तर. आमच्यापैकी कुणी काहीच लिहीत नाही."

त्यांनी लिहिलेली चार पानं मी त्याच संध्याकाळी घरी नेली आणि कंदिलाच्या उजेडात त्यांचं पार सोनं करून टाकलं. म्हणजे असं मला वाटलं. सुरुवातीला रुग्णसेवेच्या पवित्र व्रतावर एक परिच्छेद घातला. मध्ये करुणेचा झरा आणला. शेवटी परिचारिकेच्या शुभ्र वेषाबद्दल जे काही लिहिलं, ते वाचून माझे मलाच डोळे भरून आले.

सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी ते उभ्या उभ्या वाचलं. "फार छान आहे, बाई," त्या म्हणाल्या. "पण यातला झरा कुठल्या खाटेजवळ आहे?"

आई खाटेवरून खो-खो हसली. हसल्यामुळे तिचा पाय दुखला आणि त्याचं खापरही तिने माझ्यावर फोडलं. मला राग आला होता. कुणी माझ्या मराठीला हसावं, हे मला नवीन होतं. पण सिस्टर हसत नव्हत्या. त्यांनी खरंच विचारलं होतं.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. आई बरी होऊन काठी टेकत डोंबिवलीला परत गेली, तरी माझे रविवार ठाण्यातच राहिले. हॉस्पिटलच्या मागे नर्सेसची बैठी क्वार्टर्स होती, त्यांच्यापुढे एक बदामाचं झाड. त्याखाली सतरंजी घालायची, स्टोव्हवर चहा ठेवायचा, खारी बिस्किटांचा पुडा फोडायचा आणि लिहायला बसायचं. सिस्टर, त्यांच्या बरोबरीच्या दोन नर्सेस आणि नुकतीच लागलेली एक तरुण मुलगी, अशा चौघी. ती मुलगी खाडीकडच्या मिठागरावरच्या गावातली. तिच्या गावातून शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच. बोलायला फटकळ आणि हसायला मोठी.

शिकवायला मी गेले होते, पण त्या झाडाखाली मीच जास्त शिकले. "पाठ लाल झाली," असं एकीने लिहिलं होतं. मी विचारलं, लाल म्हणजे किती? तेव्हा सिस्टरांनी माझा हात उलटा करून मनगटावर बोट दाबलं आणि सोडलं. "बघा, क्षणभर पांढरं पडलं आणि परत रंग आला. असं होतंय तोवर वेळ हातात आहे. दाबल्यावर पांढरं पडेनासं झालं की समजायचं, आत बिघडायला लागलंय." मी म्हटलं, "मग हेच लिहा ना! 'लाल' कशाला लिहिता?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. रोज बोटाने जे कळतं ते लिहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि निबंध म्हणजे असं काही असतं, हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे आमचा एक शब्द ठरून गेला: कशावरून? कुणीही वाक्य वाचलं की बाकीच्या सगळ्या ओरडायच्या, "कशावरून?" ओल्या अंथरुणावर पाठ लवकर बिघडते. कशावरून? मग वही उघडायची, ओल्या अंथरुणांची पानं एका बाजूला, कोरड्यांची दुसऱ्या बाजूला, आणि शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या पानांवर मी तक्ता आखायची. "वरचेवर", "पुष्कळदा", "योग्य ती काळजी" या शब्दांना आम्ही हद्दपार केलं. एकदा मीच बोलताना म्हटलं, "ठाण्याला हल्ली फार गर्दी झाली आहे," तर ती मिठागरावरची मुलगी लगेच म्हणाली, "कशावरून, बाई?" ठाण्यातच खोपटच्या बाजूला तेव्हा नुसती शेतं होती.

तीच मुलगी एका रविवारी, ती नर्स का झाली ते सांगत होती. "माझी आत्या याच वॉर्डात गेली. आमची आत्या म्हणजे एक नंबरची हट्टी. कुशीवर वळायलाच तयार नव्हती म्हणे. रिपोर्टात तसं लिहिलेलं, माझ्या बापाला वाचून दाखवलेलं. पाठ सडली नि गेली. मी तेव्हाच ठरवलेलं, अशी हट्टी म्हातारी मला मिळाली तर तिला वळवूनच सोडीन!" बाकीच्या दोघी खारी मोडत बसल्या. सिस्टर चहा गाळायला उठून गेल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ते कळलं पुढच्या एका रविवारी. ती मुलगी ड्यूटीवर होती. लेखासाठी काही दिवसांच्या नोंदी हव्या होत्या म्हणून सिस्टरांनी रिपोर्टबुक आणलं होतं, आणि मी पानं उलटत होते. एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: 'पेशंटने नकार दिल्याने कूस बदलली नाही.' मी चेष्टेने म्हटलं, "तुमचे पेशंट भलतेच हट्टी दिसतात हो!"

दोघी नर्सेस एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीने मला समजावून सांगितलं. वॉर्डात बाया तीस आणि नर्स एक. कधी एकदम दोन ऑपरेशनं परत येतात, कधी कुणी दगावतं. कूस बदलायची राहूनच जाते. पण 'राहिली' असं रिपोर्टबुकात लिहायचं नसतं. लिहिलं की सगळ्या नर्सेसच्या वरच्या मेट्रनबाई बोलावून घेतात. म्हणून पेशंटने नकार दिला असं लिहायचं. सगळ्याच लिहितात. जुन्या नव्यांना शिकवतात; त्या पोरीला मात्र आम्ही अजून सांगितलेलं नाही. "त्यात पेशंटचं काही जात नाही, बाई," ती म्हणाली. "ते कुठे वाचायला येतात?"

सिस्टरांनी माझ्या हातातलं रिपोर्टबुक घेऊन मिटलं.

लेख पुरा झाला. मेट्रनबाईंची परवानगी लागत होती, तीही मिळाली. पहिली दोन पानं वाचून त्या इतक्या खूश झाल्या, की पुढची न वाचताच त्यांनी सही केली. हॉस्पिटलात नर्सेसच्या शिक्षणाचा वर्ग सुरू होणार होता. त्यावर शिकवायला सिस्टरांचंच नाव सुचवायचं, हेही त्यांनी बोलून दाखवलं. सिस्टरांना त्या जागेची किती ओढ होती ते मला माहीत होतं. वीस वर्षं पाठी पुसल्यावर त्यांना एकदा खडू हातात धरायचा होता. त्यांनी मला तसं सांगितलं होतं, लाजत लाजत.

मी पक्की प्रत करायला लेख घरी नेणार, त्या रविवारी त्यांनी मला एकटीला थांबवलं आणि आणखी एक कागद दिला. "हे शेवटी जोडा."

त्यात लिहिलं होतं: 'या वहीचे पहिले पान मिठागरावरच्या एका बाईंचे आहे. दोन दिवसांत तीन वेळा त्यांची कूस बदलायची राहिली. वॉर्डात मी एकटी होते. मी रिपोर्टबुकात "पेशंटने नकार दिला" असे लिहिले. मी त्यांना विचारलेच नव्हते. पाठीला जखम झाली, ती भरली नाही, आणि महिन्याभरात त्या गेल्या. त्यानंतर मी ही वही सुरू केली. आपल्या रिपोर्टबुकांतले नकार पुन्हा एकदा तपासून पाहावेत.'

"सिस्टर, ही त्या मुलीची आत्या?"

"हो."

"मग तिला एकटीला सांगा. छापायचं कशाला? मेट्रनबाईंनी हे वाचलेलं नाही. तुमची जागा जाईल."

"तिला एकटीला सांगितलं तर ती मला माफ करेल आणि गप्प बसेल. तिच्या घरी सगळे म्हणतात, म्हातारी आपल्या हट्टानं गेली. मी रोज त्या पोरीबरोबर ड्यूटी करते, बाई. खोटं मी लिहून ठेवलंय. खरंही लिहूनच ठेवायला हवं."

मी हो म्हटलं. कागद घडी करून पिशवीत टाकला.

आणि तो जोडला नाही.

का जोडला नाही, याची कारणं मी त्या वेळी स्वतःला पुष्कळ दिली. सिस्टर भावनेच्या भरात आहेत. त्यांना नंतर पस्तावा होईल. त्यांचं भलं कुणीतरी बघायला हवं. ही सगळी खरी होती. पण आणखी एक कारण होतं आणि ते आज कबूल करायला हरकत नाही. लेखाचा शेवट मी सुचवलेला होता, सिस्टरांनीही तो ठेवला होता, आणि तो फार चांगला जमला होता. त्याच्यानंतर हा परिच्छेद आला असता तर सगळ्या लेखाचा सूरच बदलला असता. मला तो बदलायला नको होता.

हॉस्पिटलात येणारी पत्रं मेट्रनबाईंच्या ऑफिसातून फोडूनच पुढे येत, म्हणून पत्ता माझ्या घरचा दिला होता. महिन्याभराने संपादकांचं पत्र आलं. लेख त्यांना पसंत होता. शेवटी एक प्रश्न होता: तक्त्यांत वहीच्या दुसऱ्या पानापासूनच्याच नोंदी दिसतात, तर पहिल्या पानाचं काय? आणि ही वही मुळात का सुरू केली? लेखिकेने त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात.

हा माणूस हुशार होता. त्याने बरोबर 'कशावरून' विचारलं होतं. मी त्याच दिवशी उलट टपाली कार्ड टाकलं: 'त्याविषयी काही लिहिण्याची लेखिकेची इच्छा नाही.'

लेख छापून आला. सिस्टरांचं नाव ठळक अक्षरात. मेट्रनबाईंनी सगळ्या वॉर्डांत पेढे वाटले. मिठागरावरची मुलगी तो अंक हातात नाचवत बदामाच्या झाडाभोवती फिरली. सिस्टरांनी शेवटचं पान उलटलं, मागे बघितलं, परत उलटलं. "शेवटचं त्यांना नको वाटलं असेल," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "असेल."

पुढल्या महिन्यात त्या डोंबिवलीला आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. साप्ताहिक सुटीचा दिवस होता आणि पांढऱ्या कपड्यांऐवजी साधं निळं लुगडं नेसलेल्या त्यांना मी क्षणभर ओळखलंच नाही. त्यांनी आधी आईची पाठ बघितली, काठी कशी टेकायची ते दाखवलं, चहा घेतला. मग पिशवीतून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. वगळलेला भाग पुढच्या अंकात घेता येईल का, असं त्यांनी एका ओळखीच्या घरचा पत्ता देऊन संपादकांना स्वतःच लिहून विचारलं होतं. संपादकांचं उत्तर होतं की असा भाग त्यांच्याकडे आलाच नव्हता, आणि विचारणा केल्यावर आपल्याकडूनच नकार आला होता.

मी सांगायला लागले, की तुमच्या भल्यासाठी, तुमची जागा, मेट्रनबाई...

त्यांनी मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, बाई. तुम्ही विचारलंच नाहीत. आणि लिहिलंत, की मी नको म्हटलं." पत्राची घडी घालत त्या म्हणाल्या, "मला राग नाही आला. मला ते वाक्य ओळखीचं वाटलं."

आई माजघरात बसून सगळं ऐकत होती. ती आतूनच म्हणाली, "सिस्टर, हिला लहानपणापासून ही खोड आहे. दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते हिला आधी कळतं!" एरवी मी आईला उलटून बोलले असते. त्या दिवशी मान वर करवली नाही. मला रडू आलं, आणि ते माझ्या चुकीचं होतं की पकडले गेल्याचं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

निघताना सिस्टरांनी त्यांचा तो कागद मागून घेतला. तो माझ्या पेटीत तसाच घडी करून ठेवलेला होता. मी म्हटलं, "द्या, मी पक्की प्रत करून देते. या वेळी शब्दही हलवणार नाही." त्या म्हणाल्या, "नको. माझ्या अक्षरातच जाऊ दे." आयुष्यात कुणी माझं अक्षर नाकारलं ते तेवढंच.

पुढच्या अंकात ते आलं. कोपऱ्यात, बारीक टाइपात, शीर्षकसुद्धा साधं: 'मागील लेखात राहिलेले.' मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही, आणि तसं मला दुसऱ्याच्या लिखाणाबद्दल फार क्वचित वाटलं आहे.

मेट्रनबाईंनी सिस्टरांना बोलावून घेतलं. रिपोर्टबुकाची अब्रू घालवली, म्हणाल्या. शिकवण्याच्या जागेवर दुसऱ्याच एका सिस्टरचं नाव गेलं. पुढे दहा वर्षं मी सिस्टरांना ओळखत होते. त्या वॉर्डातच राहिल्या. खडू त्यांच्या हातात कधी आला नाही. एवढं मात्र झालं, की काही दिवसांनी त्यांच्या वॉर्डच्या रिपोर्टबुकात 'वेळ झाला नाही' असं लिहिलेलं दिसायला लागलं. आधी त्यांच्या एकटीच्या अक्षरात, मग बाकी दोघींच्या. महिन्याभराचे असे 'वेळ झाला नाही' समोर आल्यावर मेट्रनबाईंनाही दुपारच्या पाळीला आणखी एक नर्स मागावी लागली.

पण हे नंतरचं. अंक आला त्या रविवारी मी भीतभीतच क्वार्टर्सवर गेले होते. सतरंजी घातलेली होती. ती मुलगी एका बाजूला बसून वाचत होती. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. त्या दिवशी कुणीही "कशावरून" म्हटलं नाही. शेवटी ती उठली आणि सिस्टरांकडे न बघता म्हणाली, "हे मी घरी नेऊ?"

"ने," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतरचा आठवडाभर ती सिस्टरांशी कामापुरतंच बोलली. आणि पुढच्या रविवारी, भेटीच्या वेळेला, तिचा बाप हॉस्पिटलात आला. काळाकभिन्न, उंच माणूस, मिठाच्या पाण्याने पावलं भेगाळलेली. तो वॉर्डच्या दारात उभा राहिला. मुलगी त्याच्या मागे. आम्ही क्वार्टर्सवरून धावत आलो तेव्हा मेट्रनबाईंना बोलवावं की काय, असं कुजबुजणं चाललं होतं. सिस्टर पुढे झाल्या.

"खाट कंची व्हती?" त्याने विचारलं.

सिस्टरांनी त्याला आत नेलं. खिडकीपासून तिसरी खाट. तिथे आता दुसरीच कुणी बाई झोपलेली होती.

"ती हाक मारीत व्हती का?"

सिस्टरांनी त्याच्याकडे सरळ बघितलं. "मारत होत्या. दोनदा मारली. मी आले म्हटलं, आणि गेले नाही."

त्याने खाटेची लोखंडी दांडी धरली. मला वाटलं, आता हा माणूस हात उगारणार. पण तो मुलीकडे वळला. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"चार-पाच वर्सं आमी तिला बोल लावला," तो म्हणाला. "सर्वपित्रीला पान ठेवायचं, ना कावला शिवायला उशीर करायचा, तं आमी हसायचो. बोलायचो, म्हातारी मेली तरी हट्ट सोरीत नाय."

मुलीने त्याला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. सिस्टर पाणी घेऊन गेल्या, आणि तो ते प्यायला.